रेनबो निलगिरी घरच्या बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंमुळे या झाडाची चौकशी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वाढते. खोडावर हिरवे, निळसर, जांभळे, केशरी पट्टे आणि फोटोखाली ‘बिया मिळतील’ अशी ओळ. इथली उत्तरे कोकण, गोवा, घाटमाथा आणि देशावरच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. विचारणाऱ्या बहुतेकांना ‘लावू नका’ असेच सांगावे लागते. का, ते पुढे येईलच. ज्यांच्याकडे जागा आणि उन्हाळ्यातही न आटणारे पाणी आहे, त्यांच्यासाठी लागवडीची माहितीही दिली आहे.

ही आपली नेहमीची निलगिरीच ना?

नाही. रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर दिसते ती बहुतेक युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस किंवा तिच्या संकरित जाती. उटीची ती युकॅलिप्टस ग्लोब्युलस. पान चुरगळले की लिंबासारखा वास येतो ती कोरिंबिया सिट्रिओडोरा. तिची गणना पूर्वी युकॅलिप्टसमध्येच होत असे. रेनबो निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस डिग्लुप्टा. ती ऑस्ट्रेलियात निसर्गतः उगवतच नाही. पापुआ न्यू गिनीतले न्यू ब्रिटन बेट, न्यू गिनी, इंडोनेशियातली सुलावेसी आणि सेराम ही बेटे आणि फिलिपिन्समधले मिंदानाओ हे तिचे मूळ प्रदेश. मिंदानाओ विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात निसर्गतः वाढणारी ही एकमेव निलगिरी.

फिलिपिन्समध्ये तिला बाग्रास म्हणतात, पापुआ न्यू गिनीत कामारेरे. तिकडे तिची लागवड झाली ती कागदाच्या लगद्यासाठी आणि लाकडासाठी. ज्या खोडासाठी आपण जीव टाकतो, त्याचा तिथे पांढरा कागद होतो.

खोडावरचे रंग खरे असतात का?

खरे असतात, पण फोटोतल्याइतके भडक नसतात. निळा आणि जांभळा तर बहुतेक फोटोंत हाताने वाढवलेला असतो. प्रत्यक्षात पोपटी, गडद हिरवा, राखाडी-निळसर, विटकरी, केशरी आणि तपकिरी अशा छटा दिसतात. पाऊस पडून खोड ओले झाले की त्या उठून दिसतात. भर दुपारी कोरड्या खोडाकडे पाहिले तर मन थोडे खट्टू होते.

रंग तयार कसे होतात तेही पाहू. या झाडाची साल फार पातळ असते आणि तिचे लांबट पापुद्रे निघत राहतात. सगळे एकदम निघत नाहीत; आज इथला एक, महिन्याभराने तिथला दुसरा. पापुद्रा निघाला की खाली ताजी, जवळपास पारदर्शक थर असलेली साल उघडी पडते आणि तिच्या आतल्या पेशींमधले हरितद्रव्य बाहेरून दिसते, म्हणून तो भाग पोपटी. पुढे त्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य साठत जाते, हरितद्रव्य झाकले जाते आणि रंग निळसर, मग जांभळट, मग विटकरी, शेवटी तपकिरी होतो. नंतर तोही पापुद्रा गळतो. एकाच खोडावर वेगवेगळ्या वयाची साल शेजारी शेजारी असते, म्हणून पट्टे. हवा दमट आणि झाडाची वाढ जोमदार असेल तर साल लवकर लवकर बदलते आणि पट्टे ताजे राहतात. कोरड्या हवेत हा सगळा कारभार मंदावतो आणि खोडावर तपकिरी-राखाडीच जास्त दिसते.

रंग किती वर्षांनी दिसतात?

लहान रोपाचे खोड चौकोनी आणि हिरवे असते, त्यावर पट्टे नसतात. जमिनीत लावलेले झाड चांगले वाढले तर दोन-तीन वर्षांनी बुंध्याकडची साल सुटायला लागते. पण पाहुण्यांना बोलावून दाखवावे असे खोड व्हायला त्यापुढे आणखी बरीच वर्षे जातात, कारण पट्टे मांडायला खोडाला घेर हवा.

आमच्याकडे कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मग तर झाड येईलच?

सगळ्यात जास्त फसवणूक याच हिशेबात होते. या झाडाच्या मूळ जंगलात वर्षाला साधारण 2500 ते 5000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा आकडा त्याला जुळतो. पण तो पाऊस तिकडे वर्षभर वाटून पडतो. लांब कोरडा ऋतू या झाडाने पाहिलेलाच नाही. आपल्याकडे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस सप्टेंबरअखेर आटोपतो, परतीचा थोडा ऑक्टोबरात, आणि मग मे संपेपर्यंत जमीन तापत राहते. तेव्हा एकूण पाऊस किती पडतो ते विचारूच नका. तो किती महिने पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत तुमच्या विहिरीला पाणी असते का, ते आधी पाहा.

कातळावर मातीचा हातभर थर आहे आणि मार्चमध्ये विहीर तळ गाठते, अशी जागा असेल तर विषय तिथेच संपला. व्हाळाच्या काठची, पोफळीच्या बागेतली, जिथे मेमध्येही मातीत ओल असते अशी जागा असेल तर पुढचे वाचा. निसर्गातही हे झाड नदीकाठच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत आणि दरड कोसळून मोकळ्या झालेल्या उतारावर येते. तिथे त्याला ओल असते, निचरा असतो आणि डोक्यावर मोकळे ऊन असते. यातले ऊन लोक विसरतात आणि रोप आंब्याच्या सावलीत नेऊन लावतात. तिथे ते जगते, पण नुसते काठीसारखे उंच जाते.

महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी?

आंबोलीत करून बघायला हरकत नाही, फक्त वाऱ्याच्या तोंडावर नको. महाबळेश्वरात मात्र थंडी आड येते. वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत दव गोठते, आणि या झाडाला हिमकण अजिबात चालत नाहीत.

पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ?

नको. ठिबकवर झाड जगेलही, पण कोरडी हवा, उन्हाळ्यातले चाळीस-बेचाळीस अंश आणि चुनखडीची जमीन यांत त्याची रया जाते. एवढे पाणी आणि काळजी दिल्यावर हाती येईल ते तपकिरी खोडाचे, टोकाची पाने करपलेले झाड.

जागा किती लागते?

मूळ जंगलात ही झाडे साठ-सत्तर मीटरपर्यंत जातात. परदेशांत शोभेसाठी लावलेलीही तीस मीटर सहज गाठतात, म्हणजे नऊ-दहा मजली इमारत. घरापासून, विजेच्या तारांपासून, सेप्टिक टाकीपासून आणि शेजाऱ्याच्या कौलांपासून किमान पंधरा मीटर सोडायचे असतील तर दोन-तीन गुंठ्यांच्या बंगल्याच्या प्लॉटवर जागा उरतच नाही. मुळे बरीचशी वरच्या थरात पसरतात; फरशी आणि कुंपणाची भिंत उचलली जाते. शिवाय हे झाड खालच्या फांद्या आपोआप टाकते. लाकूडवाल्यांना सरळ, बिनगाठीचे खोड मिळते म्हणून हा गुण आवडतो. खाली गाडी लावणाऱ्याला आवडणार नाही.

कुंडीत किंवा गच्चीवर चालेल का?

दोन-तीन वर्षे चालेल. पन्नास-साठ लिटरच्या ड्रममध्ये शेंडा खुडत खुडत ठेवता येते आणि रुंद, गर्द हिरवी पाने दिसायला छान असतात. मात्र ज्या खोडासाठी एवढा खटाटोप, ते कुंडीत जाड होत नाही, आणि ड्रम एप्रिलमध्ये दोन दिवस कोरडा राहिला की पाने झडतात. बोन्सायच्या जाहिरातींत दाखवतात तसे बोटभर जाडीचे सप्तरंगी खोड आम्ही कुठे पाहिलेले नाही.

ऑनलाइन बिया घेऊ का?

जपून. पाकिटात पाच-दहा टपोऱ्या, मोजता येतील अशा बिया असतील तर ती ही जात नव्हेच. डिग्लुप्टाचे बी धुळीसारखे बारीक असते, चिमटीत शेकड्यांनी मावते, आणि बरोबर तितकाच बारीक भुसाही असतो. बी खरे असले तरी दुसरी अडचण असते: साध्या तापमानाला ठेवलेल्या बियांची उगवण लवकर घटते. ते कोरडे करून, हवाबंद डबीत, थंडीत ठेवावे लागते. गोदामात वर्षभर पडलेल्या पाकिटावर कितीही इंद्रधनुष्ये छापली तरी ते उगवणार नाही.

परदेशातून नातेवाइकाच्या सामानातून बिया आणणे हा मार्ग बंद आहे असे समजा. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बिया-रोपे देशात आणायला आयात परवाना आणि तिकडच्या अधिकाऱ्यांचे वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र लागते. हा नियम नुसता कागदोपत्री नाही. निलगिरीच्या पानांवर गाठी करणारी लेप्टोसायबी इन्व्हेजा नावाची चिमुकली गांधीलमाशी या शतकाच्या सुरुवातीला बाहेरूनच आपल्याकडे आली आणि दक्षिणेतल्या लागवडींचे तिने बरेच नुकसान केले.

रोपवाटिकेत खरे रोप कसे ओळखायचे?

कोवळ्या खोडाला हात लावून पाहा: चार कडा असतात, कडांना बारीक पंखासारखी पट्टी असते. पाने समोरासमोर, रुंद, टोकाशी निमुळती आणि आडवी पसरलेली. नेहमीच्या निलगिरीची मोठी पाने विळ्यासारखी बाकदार असतात आणि खाली लोंबतात. पान चुरगळून हुंगा. निलगिरी तेलाचा भपकारा आला तर विक्रेत्याने दुसरेच काही तुमच्या गळ्यात मारले आहे; या जातीच्या पानांना वास फार थोडा असतो. उंच रोपाच्या मोहात पडू नका. पिशवीत वर्षभर अडकलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल फिरलेली असतात आणि असे झाड पाच वर्षांनी वाऱ्यात मुळापासून फिरते. हातभर उंचीचे, पिशवीच्या भोकांतून मूळ बाहेर न आलेले रोप घ्या.

बियांपासून रोपे कशी करायची?

जून-जुलैत लावणीला तयार हवी असतील तर बी फेब्रुवारीत टाका. चाळलेली रेती आणि कोकोपीट समभाग, त्यात मूठभर चाळलेले गांडूळखत, एवढे माध्यम पुरे. उथळ ट्रे भरून आधी भिजवून घ्या. बी कोरड्या बारीक रेतीत कालवून वरून भुरभुरा. वर माती टाकायची नाही, कारण इतक्या बारीक बियांत माती फोडून वर येण्याइतका जोर नसतो. झारीने पाणी घातले तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या किंवा बारीक फवारा वापरा. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक, उजेड भरपूर, थेट ऊन नाही.

ताजे बी आठवडा ते तीन आठवड्यांत उगवते. इथून पुढचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट. आज हिरवा गालिचा दिसतो, उद्या सकाळी निम्मी रोपे बुडाशी बारीक होऊन आडवी. हा मर रोग. उगवण दिसताच प्लास्टिक काढा, वारा खेळू द्या, पाणी सकाळीच द्या आणि माध्यमात सुरुवातीलाच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. रोपांना दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की एकेक रोप पानाला धरून उचला, देठाला धरू नका, आणि छोट्या पिशवीत लावा. पुढे हळूहळू उन्हाची सवय करा.

लावणी कशी आणि कधी?

पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेर ते जुलैचा मध्य. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, जांभ्या मातीत कुजलेले शेणखत दोन घमेली आणि अर्धा-एक किलो निंबोळी पेंड. शेणखत कच्चे असेल तर अजिबात नको. त्याने हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. पिशवी ब्लेडने चिरून काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. रोप पिशवीत होते तेवढेच खोल लावा. पाणी साचत असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. काठीचा आधार सैल असू द्या. खोड थोडे हलले की बुंधा जाड होतो. पहिले काही पावसाळे तण मात्र काढत राहा, तणाखाली दबलेले रोप लवकर डोके वर काढत नाही.

पाणी किती?

पहिली तीन वर्षे ऑक्टोबर ते मे. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, एप्रिल-मेमध्ये तीनदा. दुसऱ्या वर्षापासून पाळी तीच ठेवा, पाणी वाढवा आणि बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या टोकाखाली द्या. आळ्यात पालापाचोळा आणि नारळाची सोडणे अंथरा, खोडाला चिकटू न देता. त्यानंतरही या झाडाला आपला उन्हाळा सवयीचा होत नाही. शेंडा मलूल दिसला, जुनी पाने भराभर गळली की समजायचे, पाणी कमी पडले.

नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काय करू?

लोहाची कमतरता. मातीत लोह बहुधा असतेच, पण माती अल्कधर्मी असल्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. बोअरवेलचे जड पाणी, बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा किंवा काळी चुनखडीची जमीन ही नेहमीची कारणे. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा, पाने लवकर सुधारतात. पण मूळ कारण तसेच राहिले तर दर दोन महिन्यांनी फवारत बसावे लागेल. या झाडाला साधारण 6 ते 7.5 सामूची (पीएचची) जमीन मानवते. कोकणातल्या जांभ्या मातीत ही तक्रार क्वचित येते.

वाळवीचा त्रास होतो का?

लहान असताना नक्की. निलगिरीची कोवळी मुळे वाळवीला फार आवडतात. वरून ठणठणीत दिसणारे रोप एका आठवड्यात सुकते आणि ओढले तर मुळाशिवाय हातात येते. निंबोळी पेंड, आळ्यात ओल आणि जवळपास कुजके लाकूड न ठेवणे, यावर बरेचसे निभावते.

वादळात टिकेल?

भरवसा देता येत नाही. वाढ वेगाने होते म्हणून लाकूड हलके, मुळे फार खोल नाहीत आणि माथा उंच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागांच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आले. किनाऱ्याला लागून असाल तर तीस मीटर उंचीचे परके झाड घराच्या पश्चिमेला लावायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. आम्ही लावणार नाही.

मोठे झाले की बुंध्यातून तोडून पुन्हा फुटू देता येईल ना?

नाही, आणि नेहमीच्या निलगिरीवरून अंदाज बांधणारे इथेच चुकतात. बहुतेक निलगिऱ्यांच्या बुंध्याशी जमिनीलगत एक फुगीर गाठ असते, तिच्यात सुप्त डोळे असतात. म्हणून तोडल्यावर त्या जोमाने फुटतात आणि शेतकरी एकाच लागवडीची तीन-तीनदा तोड घेतो. डिग्लुप्टाला ती गाठ नसते. बुंध्यातून तोडलेले झाड बहुतेक वेळा संपते. साल पातळ असल्याने आगही सोसत नाही. पाचोळा पेटवायची सवय असेल तर या झाडापासून लांब पेटवा. खरे तर पेटवूच नका.

पानांचे तेल काढता येईल? वाफारा?

नाही. तेलग्रंथी फार कमी. वाफाऱ्यासाठी ग्लोब्युलसचे तेल बाजारात मिळते.

निलगिरी जमिनीतले पाणी शोषून घेते म्हणतात. विहीर आटेल का?

एका झाडाने विहीर आटत नाही. या तक्रारीमागे मोठ्या लागवडींचा अनुभव आहे. कर्नाटकात 1983 साली तुमकूर भागातल्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकांत शिरून निलगिरीची रोपे उपटली होती, आणि 2017 साली त्या राज्याने नव्या लागवडीवर बंदी घातली. कमी पावसाच्या प्रदेशात, एकराच्या एकर, दाट लावलेली वेगाने वाढणारी झाडे पाणी ओढणारच. घरच्या बागेत प्रश्न उलटा असतो: झाडाने विहिरीचे पाणी ओढण्याऐवजी तुम्हीच आठ महिने विहिरीतून काढून त्याला घालत असता. ते पाणी फणसाला, जायफळाला, भाजीच्या वाफ्याला गेले असते का, एवढा विचार जरूर करा.

आम्ही सिंगापूरला राहतो. इथे ही झाडे सर्रास दिसतात, मग गावी का नाही?

कारण सिंगापूरला असा एकही महिना नसतो ज्यात पाऊस पाठ फिरवतो. हवाईत, माउई बेटावरच्या हाना रस्त्यालगतही हीच झाडे पाहायला लोक थांबतात. तीही बेटाची पावसाळी बाजू. दक्षिण फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोठे अंगण असेल तर ही हौस भागवता येईल. उत्तरेकडे थंडीची लाट आली की झाड जाते.

जागा कमी आहे, पण खोड बघण्यासारखे झाड हवेच आहे. काय लावू?

आधी आपल्या परसातला पेरू नीट बघा. जुन्या पेरूचे खोड तांबूस-हिरवे, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारे असते. खालच्या फांद्या काढून खोड मोकळे केले तर पावसात ते फार देखणे दिसते, आणि पेरूही मिळतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात थोडी जास्त जागा असेल तर नाणा लावा: फिकट, नितळ खोड, साल सोडत राहणारे, तामणाच्या कुळातले आणि आपल्या पावसाला सरावलेले. ओढ्याकाठी अर्जुन, त्याच्या सालीचे मोठे पापुद्रे निघून आत गुलाबी-राखाडी आणि हिरवट छटा दिसतात, मात्र तोही मोठाच वृक्ष. आणि देशावरच्या खडकाळ, कोरड्या उतारासाठी कांडोळ. पांढुरके, कागदी सालीचे, कधी गुलाबी तर कधी हिरवट झाक मारणारे खोड उन्हाळ्यात पाने गळल्यावर चांदण्यात असे दिसते की पाहणारा दचकतो. त्याला आठ महिने कोणी पाणी घालत नाही. रोप मिळवायला वणवण होते, वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकांत विचारावे लागते. रेनबो निलगिरीच्या नकली बिया घरपोच येतात आणि कांडोळाचे रोप शोधूनही सापडत नाही, ही आपल्या रोपबाजाराची तऱ्हा.

लावलेले झाड पुढे नकोसे झाले तर तोडता येईल का?

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर झाड तुमच्या अंगणातले, तुम्हीच लावलेले आणि परदेशी जातीचे असले तरी परवानगी लागते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा, कारण आणि फोटो जोडायचे, आणि तोडीच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अट येते. ग्रामीण भागात नियम वेगळे आहेत, कुऱ्हाड लावण्याआधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. शिवाय तीस मीटरचे झाड घरालगत असेल तर ते एका घावात पाडता येत नाही. दोरांवर चढणारी माणसे बोलावून वरून तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते, आणि त्याची मजुरी लाकडाच्या किमतीतून भरून निघत नाही.